दाव्यातील जमीन व खरेदीखत

मंदिराचा जीर्णोद्धार झाला. आता जमिनीचे कागदही जपावयास हवेत. आपल्या जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचा दावा १९१० साली लागला, शेवटचा निकाल १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात झाला. दावे असे वर्षानुवर्षे चालतात. तेवढ्यात एका पक्षाने जमीन विकली, तर दुसऱ्याने जिंकूनही काय मिळवावे? हे ओळखूनच १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५२ घातले आहे. दावा चालू असता केलेली खरेदी आपोआप रद्द होत नाही; पण निकाल घेणारासही बांधतो. विकणारा हरला की घेणाराही हरला. सातबाऱ्यावर नाव चढले एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. सबब, इसार देण्यापूर्वी न्यायालयात चौकशी करावी, ही नम्र विनंती.