मृगाचा माग

जानेवारीत निफाड तालुक्यातला पारा उतरला की त्याची बातमी राज्यभर होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे नोंदलेला आकडा पाच-सहा अंशांवर आला की ओझर-सुकेण्याकडच्या द्राक्षबागांमध्ये रात्रभर शेकोट्या धुमसत राहतात. थंडीने मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. धुराची ऊब देऊन जमेल तेवढे वाचवायचे असतात. लहानपणी अशाच एका शेकोटीपाशी घोंगडी पांघरून बसलो असताना आबांनी वर बोट केलं. म्हणाले, "तो बघ मिरग. आत्ता दिसतोय, पण पाऊस नाही. पाऊस पाडतो तेव्हा दिसत नाही."

हरीण पाऊस कसा पाडील, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या एका शब्दाचा मी माग काढत राहिलो.

आधी आकाशातलं जनावर नीट बघू. जानेवारीच्या मध्याला रात्री दहा-साडेदहाला ते ओझरच्या डोक्यावर, जरासं दक्षिणेला कललेलं असतं. चार ठळक तारे म्हणजे चार पाय. त्यांतला तांबूस तो काक्षी, निळसर पांढरा तो राजन्य. वरच्या अंगाला तीन बारीक ताऱ्यांचा पुंजका आहे, ते मृगाचं शीर्ष, मृगशीर्ष. आणि पोटात एका रेषेत रुतलेले तीन तारे म्हणजे बाण. ही बाणाची रेघ आग्नेयेकडे वाढवत नेली की नजर जाऊन थांबते ती व्याधावर, रात्रीच्या आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यावर. तीच रेघ उलटीकडे, वायव्येला वाढवली की जवळपास रोहिणी लागते. शिकारी, बाण, हरीण आणि हरीण जिच्यामागे धावतंय ती, सगळे एका ओळीत. ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी आधी आकाश डोळे भरून पाहिलं होतं आणि मगच तोंड उघडलं होतं.

गोष्ट ऐतरेय ब्राह्मणात आहे. प्रजापती आपल्याच कन्येच्या मागे लागला. ती हरिणी झाली, तो हरीण झाला. देवांना हा अधर्म सोसवेना, म्हणून त्यांनी आपल्यातलं जे जे घोर होतं ते एकत्र करून एक रूप घडवलं, आणि त्याने प्रजापतीला बाण मारला. विद्ध झालेला प्रजापती वर उडाला तो मृग. मारणारा तो मृगव्याध. हरिणी ती रोहिणी. आणि तीन कांडांचा बाण तो बाणच. कडाक्याच्या थंडीत रात्रभर चालणारी ही पारध आहे. व्याध मृगाच्या मागून उगवतो, रात्रभर मागे राहतो, आणि पहाटे मृग पश्चिमेला टेकतो तेव्हाही दोघांमधलं अंतर तेवढंच असतं.

पण त्या काळी मृग म्हणजे फक्त हरीण नव्हतं, आणि शब्दाची खरी कुळकथा इथून सुरू होते. ऋग्वेदात मृग म्हणजे रानातलं कोणतंही जनावर, भीतिदायक श्वापदसुद्धा. हत्तीला तिथे हात असलेला मृग म्हटलं आहे. सिंह मृगेंद्र का, माकड शाखामृग का, आणि डुकराच्या शिकारीलाही मृगया का म्हणायचं, याचं उत्तर त्या जुन्या अर्थात आहे. ज्या जनावराच्या मागे माणूस सर्वांत जास्त धावला, त्याच्यापाशी हळूहळू सगळ्या जनावरांचं नाव येऊन थांबलं. इंग्रजीतही हेच घडलं. डिअर हा शब्द एके काळी कोणत्याही पशूला चालायचा; त्याचा जर्मन भाऊ टिअर आजही साध्या 'जनावर' याच अर्थाने नांदतो. दोन दूरच्या रानांतल्या शिकाऱ्यांनी एकमेकांना न विचारता तोच निवाडा केला.

इराणकडे गेलेल्या भावंडाने मात्र वेगळी वाट धरली. तिकडे हा शब्द पाखराला चिकटला आणि फारसीत मुर्ग झाला. तो आपल्याकडे मुर्गी होऊन हॉटेलच्या पाटीवर आलाच, पण आणखी एका रूपाने आला त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. शहामृग हा पक्षी असून त्याच्या नावात मृग कसा? फारसीतल्या मुर्गाला मराठी कानाने मृग करून घेतलं म्हणून. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेली दोन भावंडं एका पक्ष्याच्या नावात अशी पुन्हा भेटली.

मला याहून मोलाचं वाटतं ते याच कुळातलं दुसरं अपत्य, मार्ग. मृगाचा तो मार्ग, म्हणजे जनावराच्या पावलांनी उमटलेली वाट. रस्ते माणसाने पाडले त्याच्या आधी जनावरांनी पाडले होते, आणि भाषेने ते लक्षात ठेवलं आहे. मार्ग घासून मराठीत माग झाला. माग काढणे, मागावर असणे हे शब्द आपण पोलिसांच्या बातमीत वापरतो, पण त्यांच्या बुडाशी ओल्या मातीतला खूर आहे. मागणे हे त्याचंच क्रियापद. जे शोधायचं ते मागायचं. आणि मागे म्हणजे जिकडे माग उरला आहे ती बाजू. एखादं मूल आईच्या मागे जातं, काही मागतं, हे सांगताना आपण दोनदा शिकाऱ्याची भाषा बोलतो.

हा माग वाचण्याची विद्या ज्यांनी टिकवली त्या फासेपारध्यांना इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. हरणांसाठी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळविटाची शिकार बंद झाली. तो कायदा हवाच होता. येवल्याजवळ ममदापूरच्या माळावर आज काळवीट उड्या मारताना दिसतात ते त्याच्यामुळेच. पण ज्यांचं पोट त्या फाशावर होतं त्यांच्या हाताला दुसरं काम देण्याची घाई कुणी केली नाही.

आता थंडीकडे परत येऊ. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षापाशी असतो तो मार्गशीर्ष. ओझरला या महिन्याची ओळख सांगावी लागत नाही. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, इथे खंडेरायाची यात्रा भरते, बारागाड्या ओढल्या जातात, भंडाऱ्याने रस्ते पिवळे होतात. त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर काही वेळाने पूर्वेला मृग वर येतो आणि त्याच्या मागोमाग व्याध. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाचं नातं वेदांतल्या रुद्राशी जोडून दाखवलं: दोघेही रानाचे धनी, दोघांच्याही सोबतीला कुत्री, दोघेही शिकारी. आणि मृगावर बाण सोडणारा तो रुद्रच. ग्रीकांनी व्याधाच्या तारकासमूहाला कुत्रा म्हटलं, हेही इथे आठवतं. यात्रेच्या गर्दीत कुणी वर बघत नाही, पण खंडेरायाची शिकार तिथेही चाललेली असते.

बाण तर ओझरच्या पाण्यातच आहे. गावाची नदी बाणगंगा; रामाने बाण मारून काढलेली गंगा, अशी तिची कथा. ती पुढे गोदावरीला मिळते, आणि त्याच गोदावरीवर खाली नांदूर मध्यमेश्वराला मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. मारीच नावाच्या सोनेरी हरणाला रामाने तिथून बाण मारला, असं लोक सांगतात. पुढे कायगाव टोक्यालाही त्याच हरणाची गोष्ट सांगतात. देवळाचं नाव मात्र रामाचं नाही, ऐतरेय ब्राह्मणातलं आहे. मृगव्याध. आकाशातला शिकारी गोदाकाठी उतरला आणि रामकथेने त्याला आपल्यात घेतलं, असं मला वाटतं.

लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' लिहिलं ते याच हरणाचा माग काढत. मार्गशीर्षाचं दुसरं नाव अग्रहायण, म्हणजे वर्षाचं तोंड. एके काळी वसंतसंपात मृगात होता, तेव्हा वर्ष तिथून सुरू होत असे, आणि त्यावरून वेदांचा काळ ख्रिस्तपूर्व चार हजारांच्या आसपास जातो, असा त्यांचा युक्तिवाद. तो सर्वांनी मानला नाही. पण आकाशाकडे दस्तऐवज म्हणून बघायला त्यांनी शिकवलं, आणि ते ऋण मी मानतो.

मग हे हरीण पावसाला कसं जुंपलं गेलं? पंचांग सांगतं की ७ किंवा ८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि तेरा-चौदा दिवस तिथे राहतो. आपण मृगाचा पाऊस म्हणतो तो सूर्य मृगात असतानाचा पाऊस. सूर्यच तिथे असल्याने ते तारे दिवसा डोक्यावर असतात आणि उजेडात बुडतात. आबांचं कोडं एवढंच होतं. हिवाळ्यात सूर्य आकाशाच्या पलीकडच्या अंगाला असतो, म्हणून मृग रात्रभर आपला. ही तारीखही कायमची नाही. साधारण सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. पाऊस मात्र समुद्राच्या वाऱ्यांबरोबर येतो, ताऱ्यांच्या सांगण्यावरून नाही. पेरणीची घाई करताना हे विसरून चालत नाही.

शिकार आणि शेती यांचा सांधा मला दिसतो तो घोड नदीकाठच्या इनामगावात. १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन झालं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे जव पिकत होता, गुरं होती. इसवी सनपूर्व हजाराच्या पुढे पाऊस कमी होत गेला, शेती आक्रसली, आणि त्या थरांमध्ये हरणांच्या हाडांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. मृग बरसला नाही तेव्हा माणूस पुन्हा मृगाच्या मागे धावला. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच मातीत, एकावर एक.

विदर्भात मयंक वाहिया आणि गणेश हळकारे या अभ्यासकांनी गोंड वस्त्यांमध्ये जाऊन तारे विचारले, तेव्हा मृगाच्या याच ताऱ्यांमध्ये लोकांनी त्यांना नांगर दाखवला. तिथे हरीण नाही, बाण नाही. नांगर आहे.

आणि मासे? मृगाचे हे दोन्ही ऋतू त्यांनाही कळतात. थंडीत नदीकाठी गळ घेऊन बसणाऱ्याला विचारा. माशाचं रक्त पाण्याएवढंच गार असतं. पौष-माघात पाणी निवलं की त्याची भूक मंदावते, तो डोहाच्या तळाशी जाऊन बसतो. पहाटे गळ टाकून बोटं बधिर होतात, हाती काही लागत नाही. जाणता गडी ऊन वर येईपर्यंत थांबतो आणि दुपारी उथळ, तापलेल्या अंगाला आमिष सोडतो. हेच मासे मिरगाच्या पहिल्या लोंढ्याला वेडे होतात. गढूळ पाणी ओढ्यांना येऊन मिळालं की ते उलटे चढू लागतात, बांध ओलांडतात, भातखाचरात शिरतात. चढणीचे मासे ते हेच. कोकणात या चढणीला वलगण म्हणतात. तेव्हा गळही लागत नाही, टोपली पुरते.

पण ते चढतात ते अंडी घालायला. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्याचं कारण हेच. ओढ्यावर टोपली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला बंदी सांगायला कुणी येत नाही. गाभोळीने फुगलेला मासा उचलला की पुढच्या हिवाळ्यातला डोह तेवढा रिकामा होतो, हे मला दर जूनला खुपतं. आबा अशी फुगलेली मादी हातात आली की पुन्हा पाण्यात सोडायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ओल्या हाताने वर, ढगांकडे बोट करायचे, जिथे मृग असायला हवा होता.