सिकलसेल व थॅलसेमिया संशोधन, ब्रिटनमधील लोकसहभागी

हीमोग्लोबिनच्या दोन आनुवंशिक विकारांवर ब्रिटनमधील स्थलांतरित समाजांनी, मुख्यतः १९७५ नंतर, परिचारिका व डॉक्टर यांच्या जोडीने केलेले काम. ‘संशोधन’ हा शब्द येथे सैल अर्थाने घ्यावा. घरभेटींच्या नोंदी, समुपदेशनाच्या वह्या व पालकांच्या तक्रारी यांचाही त्यात समावेश होतो. किंबहुना आरंभीची विश्वसनीय माहिती तेथूनच आली.

सिकलसेल कॅरिबियन व पश्चिम आफ्रिकन कुटुंबांत, तर थॅलसेमिया सायप्रस, पाकिस्तान, भारत व बांगलादेश येथून आलेल्यांत अधिक आढळतो. विदर्भातील किंवा नंदुरबारच्या वाचकाला सिकलसेल परका नाही. ब्रिटनमध्ये मात्र तो दीर्घकाळ ‘काळ्यांचा आजार’ समजला गेला आणि वेदनेचा झटका घेऊन आलेल्या रुग्णाकडे, हा मॉर्फीनसाठीच आला असावा, अशा संशयाने पाहिले जाई.

संस्था : सिकलसेलवर काम करणारी ‘ऑस्कर’ (१९७५), यूके थॅलसेमिया सोसायटी (१९७६) व सिकलसेल सोसायटी (१९७९).

ब्रेंट : वायव्य लंडनच्या या भागात एलिझाबेथ अनिओन्वू (जन्म १९४७, बर्मिंगहॅम, आई आयरिश, वडील नायजेरियन) या घरोघरी जाणाऱ्या आरोग्य परिचारिका होत्या. सिकलसेलच्या समुपदेशनाचे प्रशिक्षण ब्रिटनमध्ये मिळेना, म्हणून त्या अमेरिकेला जाऊन ते घेऊन आल्या. १९७९ मध्ये रक्तविकारतज्ज्ञ मिलित्सा ब्रोझोविच यांच्यासह त्यांनी ब्रेंटमध्ये या विकारांसाठी तपासणी व समुपदेशन केंद्र सुरू केले. परिचारिकेने चालवलेले हे देशातील अशा प्रकारचे पहिले केंद्र. १९८१ मध्ये या दोघींचा, इतर सहकाऱ्यांसह लिहिलेला, ब्रिटनच्या एका शहरी वस्तीतील सिकलसेलवरचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्याच वर्षी सिकलसेल सोसायटीनेही सेवांच्या त्रुटींवर स्वतःचा अहवाल काढला. रुग्णसंघटनेने अभ्यासविषय न राहता अभ्यासक व्हावे, याचे हे आरंभीचे उदाहरण. १९८५ मध्ये वंशसमतेसाठी काम करणाऱ्या रनिमीड ट्रस्टने उषा पराशर, अनिओन्वू व ब्रोझोविच यांचे ‘सिकलसेल अनीमिया : हू केअर्स?’ प्रसिद्ध केले. तपासणी झालीच तर तिचा अर्थ समजावून सांगणारे कोणी नाही, आणि खुद्द आरोग्य कर्मचाऱ्यांनाच आजाराची पुरेशी माहिती नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप. अनिओन्वूंचा पीएच.डी. प्रबंध (१९८८) ब्रेंटमधील आरोग्यशिक्षण व समाजविकास याच विषयावर आहे. पुढे त्यांना ‘डेम’ (२०१७) व ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ (२०२२) हे सन्मान मिळाले. वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत प्रयोगशाळेला जेवढी पाने मिळतात, तेवढी ब्रेंटच्या केंद्राला मिळालेली नाहीत.

थॅलसेमिया : उत्तर लंडनमध्ये सायप्रसमूळ लोकांची जुनी वस्ती होती, १९७४ च्या युद्धानंतर तिथे हजारो निर्वासितांची भर पडली. यूके थॅलसेमिया सोसायटी रुग्ण व पालकांनीच स्थापन केली. मुलांना आयुष्यभर रक्त द्यावे लागे आणि साठलेले लोह काढण्यासाठी रात्री तासन्‌तास त्वचेखाली पंपाने औषध सोडावे लागे. औषध असूनही अनेक तरुण दगावले. पंपाचा जाच सोसवत नसे, हे त्याचे मोठे कारण. थॅलसेमियाच्या अभ्यासक डॉक्टर बर्नाडेट मॉडेल यांच्या कामाने एक रूढ समज खोडून काढला. पाकिस्तानी कुटुंबे गर्भनिदान धर्मामुळे नाकारतात, असे गृहीत धरले जाई. प्रत्यक्षात अनेकांना ते वेळेवर सुचवलेच जात नव्हते. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत विचारले असता बहुसंख्यांनी ते स्वीकारले. २००५ मध्ये सोसायटीने उपचारांचे मानदंड स्वतः प्रसिद्ध केले.

विपरीत उदाहरण, लोकसहभागाविना झालेल्या संशोधनाचे : १९६९ मध्ये कॉव्हेंट्रीतील २१ भारतीय वंशाच्या स्त्रियांना, रक्तक्षयाच्या अभ्यासासाठी, किरणोत्सारी लोह मिसळलेल्या चपात्या देण्यात आल्या. १९९५ च्या दूरचित्रवाणी माहितीपटानंतर त्यावर वाद झाला. संमती कितपत समजून घेतली होती, याबाबत संशोधक व त्या स्त्रिया यांची कथने जुळत नाहीत. २०२३ मध्ये संसद सदस्यांकडून चौकशीची मागणी पुन्हा झाली.

नवजात तपासणी : फेनिलकीटोन्यूरिया या तुलनेने विरळ आजारासाठी टाचेच्या रक्ताची देशव्यापी चाचणी १९६९ पासून होती. सिकलसेलला २००० च्या राष्ट्रीय आरोग्य योजनेची वाट पाहावी लागली. इंग्लंडभर सिकलसेलची तपासणी २००६ पर्यंत लागू झाली.

अलीकडे : या विकारांवरील सर्वपक्षीय संसदीय गटाचा, सिकलसेल रुग्णसेवेतील त्रुटींवरचा ‘नो वन्स लिसनिंग’ अहवाल (२०२१) सिकलसेल सोसायटीच्या साहाय्याने तयार झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही विकारांवरील ‘कॅसजेव्ही’ या जनुक-संपादन उपचाराला जगात प्रथम ब्रिटनने मान्यता दिली.

स्कॉटलंड व वेल्स : नवजात तपासणी अनुक्रमे २०१० व २०१३.