सदाफुली, केमो आणि उलटीची भीती

श्रोतेहो, आपल्या कराडात ज्याच्या दारापुढे चार हात माती आहे, त्याच्याकडं सदाफुली असतेच. पूजेला फूल होतं, पाणी फारसं लागत नाही. मधुमेहावर तिची पानं चावून खाणारेही आपल्यात आहेत.

कॅनडात वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर १९५०च्या दशकात हेच तपासत होते. जमैकातून आलेल्या सदाफुलीच्या पानांचा अर्क त्यांनी उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही. पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या आणि जंतुसंसर्गानं ते मेले. मग प्रश्न आला, रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात ना? १९५८ मध्ये या दोघांनी विनब्लास्टिन वेगळं केल्याचं जाहीर केलं. त्याच झाडातून पुढं विनक्रिस्टिन मिळालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात. मात्र शिरेतून आणि मोजून. पानं चावून कर्करोग जात नाही.

म्हणजे बघा, ज्याला आपण दुष्परिणाम म्हणतो तो आधी दिसला, औषध नंतर सापडलं. पहिल्या केमोचंही तसंच. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूनं मेलेल्या सैनिकांत पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या होत्या. तो धागा धरून १९४२ मध्ये अमेरिकेत येल इथं त्याच जातीचं रसायन एका रुग्णाला दिलं गेलं. गाठी विरल्या, पण थोड्याच काळात परत आल्या.

याचं कारण सोपं आहे. ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. अस्थिमज्जा, केसांची मुळं, तोंडातलं आणि आतड्याचं अस्तर, हेही भराभर वाढणारंच. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

आता इतिहासाचा दुसरा भाग, जो फारसा कुणी सांगत नाही. मुंबईत परळला टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं, आणि आपल्या भागातली माणसंही तिकडं जाऊ लागली. १९७८ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली. औषध गुणी, पण मूत्रपिंडाला घातक आणि उलट्या अशा, की काहींनी उपचारच सोडले. मूत्रपिंडाचं संकट भरपूर सलाइन देऊन आवरता आलं. उलट्यांवर ऑन्डान्सेट्रॉन आणि पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम, ही दोन्ही तिथं १९९१ मध्ये मान्य झाली. आपल्याकडंही ती पुढं रुळली.

म्हणून मी म्हणतो, केमोच्या भीतीलाही इतिहास आहे. त्याआधी उपचार घेऊन आलेल्या माणसानं पारावर जे सांगितलं, ते खोटं नव्हतं. खाटेखालचं घमेलं खरं होतं. पण ती गोष्ट त्या काळाची. औषधं बदलली, गोष्ट मात्र गावात तशीच राहिली. आणि तिच्यापायी आजही कुणी म्हणतं, 'मेलो तरी चालेल, केमो नको.' बऱ्या होण्यासारख्या रोगातही असं होतं, याचं वाईट वाटतं.

हे काम संपलेलं नाही. ओलान्झपिन हे मनोविकारावरचं औषध उलटीवरही लागू पडतं, पण त्यानं दिवसा ग्लानी येते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम देऊन पाहिलं. उलटी तितकीच आटोक्यात राहिली, झोपाळूपणा कमी झाला. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतात, दुकानात परत जायचं असलेल्या माणसाला हा फरक मोठा आहे.

उलटीची भीती कमी करा, पण तापाची धरा. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. घरची गोळी देऊन वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा आणि केमो चालू आहे हे आधी सांगा. पांढऱ्या पेशी घटल्यावर जंतुसंसर्ग किती लवकर जीव घेतो, हे त्या उंदरांनीही दाखवलं होतं.