वेगाचें रिंगण

इ. स. २०१० च्या ऑक्टोबर महिन्यांत आमच्या शहराचें नांव एकाएकीं देशांतील वर्तमानपत्रांत झळकलें. वेरूळच्या लेण्यांमुळें नव्हे किंवा बीबीच्या मकबऱ्यामुळेंहि नव्हे. तर येथील उद्योजक, व्यापारी व डॉक्टर मंडळींनीं एकत्र येऊन सुमारें १५० मर्सिडीझ मोटारी एकाच सौद्यांत विकत घेतल्या म्हणून. सौदा सुमारें ६५ कोटि रुपयांचा होता. मराठवाडा मागासलेला आहे असें म्हणणाऱ्यांस हें परस्पर उत्तर मिळालें म्हणून कोणी हर्षभरित झाले; कोणी हें संपत्तीचें प्रदर्शन म्हणून नाकें मुरडलीं. त्या गलबल्यांत एक साधा प्रश्न मात्र मागें पडला. ताशीं २०० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवूं शकणारें हें यंत्र खरोखर चालविण्यास त्याचा मालक शिकणार तरी कोठें?

परवाना आहे कीं, असें कोणी म्हणेल. परंतु परवाना म्हणजे रहदारींतील शिष्टाचाराचा दाखला होय. डावी बाजू कोणती, सिग्नलास थांबावें कोठें, गाडी मागें कशी घ्यावी, एवढें तो जाणतो. ओल्या वळणावर मागचीं चाकें सरकूं लागलीं म्हणजे हातांनीं काय करावें, अगर वेगांत ब्रेक पूर्ण दाबल्यावर गाडी किती अंतर खाते, ह्याविषयीं तो मुका आहे. पुष्कळ मालक आपली मोटार वर्षानुवर्षें चालवितात, पण ती त्यांच्या ओळखीची होते ती केवळ संथ चालीपुरती.

घोड्यांच्या काळीं ही अडचण आपल्या पूर्वजांस ठाऊक होती, व तिच्यावर तोडहि होता. नवा घोडा थेट बाजारांतून दौडवीत नेण्याची पद्धति नव्हती. चाबूकस्वार त्यास मोकळ्या जागेंत दोरावर धरून गोल फिरवी. ह्या क्रियेस ‘कावा’ असा शब्द आहे. त्या गोलांत घोडा स्वारास ओळखी आणि स्वार घोड्यास. ज्या शहराच्या छावणींत हैदराबाद काँटिंजंटचे रिसाले एकेकाळीं राहिले, त्या शहरास हें निराळें सांगण्याचें कारण नाहीं. मोटार आली आणि तिच्याबरोबर स्वार आला. कावा देण्याची जागा मात्र मागाहून शोधावी लागली. ती कशी सांपडली, हा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण आज आपल्या उपयोगाचाहि आहे.

इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें मोटारींस ताशीं २० मैलांची मर्यादा घातली होती. फ्रान्सांत व इटलींत उघड्या रस्त्यांवर शर्यती होत. इंग्रज कारखानदारांस मात्र आपल्या गाड्यांची कसोटी पाहण्यास स्वदेशांत जागा नव्हती. सरे परगण्यांतील ह्यू लॉक किंग नांवाच्या जमीनदारानें ही उणीव ओळखली, व वेब्रिजजवळच्या स्वतःच्या जमिनीवर पदरच्या पैशानें ब्रुकलंड्स नांवाचें रिंगण बांधविलें. सुमारें पावणेतीन मैल लांबीचा, १०० फूट रुंदीचा हा काँक्रीटचा मार्ग वळणांवर एखाद्या परातीच्या कडेसारखा जवळजवळ २९ फूट उंच उचलला होता. १७ जून १९०७ रोजीं तो खुला झाला. मोटारींच्या शर्यतींसाठीं मुद्दाम बांधलेलें हें जगांतील पहिलें रिंगण समजतात. उद्घाटनानंतर दोन आठवडेहि लोटले नव्हते, तोंच सेल्विन एज ह्या गृहस्थानें तेथें एकट्यानें २४ तास नेपियर गाडी हांकून १५८१ मैल कापले. ताशीं सरासरी सुमारें ६६ मैल!

परंतु विक्रमांच्या ह्या झगमगाटांत ब्रुकलंड्सचें खरें वैशिष्ट्य झांकून जातें. शर्यतीच्या दिवसांखेरीज इतर वेळीं ठराविक फी भरून सामान्य मालकहि आपली गाडी तेथें नेऊं शके. समोरून येणारें वाहन नाहीं, आडवा येणारा पादचारी नाहीं, पोलिसाची शिट्टी नाहीं. अशा जागीं मनुष्य प्रथमच आपल्या गाडीचा व आपला स्वतःचा अंदाज घेऊं लागला. मोटारींच्या शर्यती कशा भरवाव्या हें मात्र तेव्हां तेथें कोणासच नीटसें ठाऊक नव्हतें, म्हणून चालकांनीं घोड्यांच्या शर्यतींचा कित्ता गिरविला. आरंभीं सारथी ओळखूं यावे म्हणून जॉकीप्रमाणें रंगीत अंगरखे घालीत. वेगवान् गाडीस मागाहून सोडण्याची हँडिकॅपची रीतिहि तिकडूनच आली. नवें यंत्र जुन्या घोड्याच्याच पागेंत बांधलें गेलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या रिंगणानें बळीहि घेतले. एका तासांत १०० मैलांहून अधिक अंतर कापणारा पहिला मनुष्य पर्सी लँबर्ट. फेब्रुवारी १९१३ मध्यें त्यानें हा पराक्रम ब्रुकलंड्सवर केला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्याच मार्गावर टायर फुटून तो मरण पावला. रिंगण म्हणजे अभयारण्य नव्हे. परंतु तेथें धोका पत्करणारा तो आपल्या शिरावर पत्करतो. रस्त्यानें घरीं चाललेल्या परक्या माणसावर तो लादला जात नाहीं. हा भेद लहान नव्हे, आणि ह्या लेखाचा सारा भार त्याच भेदावर आहे.

दुसरें उदाहरण जर्मनीचें. आयफेलच्या डोंगराळ व दरिद्री भागांत लोकांस काम मिळावें ह्या हेतूनें १९२५ सालीं एक मोठें रिंगण खणावयास घेतलें, व जून १९२७ मध्यें तें पुरें झालें. हेंच न्यूरबुर्गरिंग. शर्यत नसेल त्या दिवशीं तें एकेरी वाहतुकीचा, पथकर भरून जाण्याचा रस्ता म्हणून सर्वांस खुलें ठेवण्याची वहिवाट प्रारंभापासून पडली. आज त्याचा मोठा वेढा सुमारें २०.८ किलोमीटरांचा आहे. दुष्काळांत तलाव खणण्याची कामें काढावीं तशी तेथील अधिकाऱ्यांनीं शर्यतीची वाट काढली, आणि ती वाट जगभरच्या नवशिक्यांचें तीर्थ होऊन बसली!

आतां ह्या रिंगणावर प्रथमच स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्या मनुष्याचा दिवस कसा जातो तें पाहूं. त्याची कल्पना अशी असते कीं, फाटक उघडेल आणि आपण सुटूं. प्रत्यक्षांत पहिला तास गाडी रिकामी करण्यांत जातो. डिकींतील छत्री, पाण्याची बाटली, पायाखालची सतरंजी, सर्व बाहेर. मग तपासणी: चाकांचे नट आवळलेले आहेत कीं नाहींत, टायरांत हवा किती, ब्रेकचें तेल ताजें आहे कीं जुनें, ओढून नेण्याचा हूक जागेवर आहे काय. त्यानंतर शिरस्त्राण, आणि मग चक्क वर्ग भरतो! पिवळें निशाण दिसलें तर पुढें धोका, कोणास ओलांडावयाचें नाहीं. निळें दिसलें तर मागून अधिक वेगवान् गाडी येत आहे. तांबडें म्हणजे फेरी थांबली. चौकटीचें म्हणजे वेळ संपली. ओलांडावयाचें तें केवळ सरळ पट्ट्यावर, आणि पुढच्यानें हात करून वाट दिल्यावरच. पहिल्या फेऱ्या जाणत्या चालकाच्या मागोमाग, बेताच्या वेगानें. वेगासाठीं आलेल्या माणसास दिवसाचा पहिला धडा मिळतो तो संथपणाचा.

दुसरा धडा पदार्थविज्ञानाचा आहे, आणि तो पुस्तकांत वाचून अंगीं मुरत नाहीं. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यानंतरचें अंतर चौपट होतें. कोरड्या डांबरावर ताशीं ५० किलोमीटरांवरून सुमारें १२ मीटरांत थांबणारी गाडी १०० वरून जवळजवळ ५० मीटर घेते. मनुष्यास सावध होण्यास लागणारा एक सेकंद धरला तर आणखी २८ मीटर. वळणाचेंहि तसेंच. मार्गाची त्रिज्या ५० मीटर असेल तर साधारण टायरांची पकड ताशीं ७० च्या सुमारास सुटूं लागते. तेंच वळण बाहेरच्या कडेनें येऊन, आंतल्या कडेस शिवून, पुन्हा बाहेर जाऊन घेतलें आणि त्रिज्या १०० मीटर झाली, तर ही मर्यादा १०० पर्यंत चढते. गाडी तीच, रस्ता तोच. फरक केवळ दृष्टि कोठें आहे ह्याचा. नवशिक्या गाडीच्या नाकापुढें पाहतो, मुरलेला सारथी वळणाच्या पलीकडे पाहतो. कांहीं फेऱ्यांनंतर आणखी एक नवल घडतें. तापलेल्या ब्रेकांतील तेल उकळूं लागतें आणि पायाखालचा दांडा मऊ पडतो. म्हणून शेवटची फेरी सावकाश, ब्रेक न लावतां, गाडीस निवूं देण्यासाठीं घालावयाची. व उभी केल्यावर हातब्रेकहि ओढावयाचा नाहीं. दौडून आलेल्या घोड्यास चालवून निववीत, त्याचीच ही नवी आवृत्ति.

असा दिवस काढून परतणारा मनुष्य फुशारून येत असेल असें आपणांस वाटतें. पण ज्यानें ताशीं १०० वेगावर ब्रेक दाबून गाडी किती लांब घसरत जाते हें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें, तो शाळेपुढील रस्त्यावर पुन्हा पूर्वीच्या निर्धास्तपणानें जाऊं शकत नाहीं. अज्ञानांतून येणारें धैर्य त्याच्यापाशीं उरत नाहीं, हा त्या दिवसाचा खरा लाभ.

आपल्या देशांत मोटारीची हौस फार लौकर आली. १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची कसोटी-यात्रा निघाली होती, आणि १९१४ मध्यें मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला. रिंगण मात्र पुष्कळ वर्षें उसनवारीचें राहिलें. महायुद्धांत बांधलेली मद्रासजवळील शोलावरमची धावपट्टी ओसाड पडली होती; १९५३ सालीं स्थापन झालेल्या मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लबानें ती शर्यतींस वापरली. मुंबईकडे जुहूच्या विमानतळावरहि शर्यती झाल्या. फियाट, हेरल्ड अशा घरगुती गाड्यांचें बोनेट उघडून, थोडी डागडुजी करून लोक तेथें उतरत. क्लबाचें स्वतःचें रिंगण इरुंगाट्टुकोट्टई येथें १९९० मध्यें उभें राहिलें. कोइमतूरच्या एस. करिवर्धन ह्यांनीं मारुतीचें लहानसें इंजिन घालून ‘फॉर्म्युला मारुती’ नांवाची स्वस्त शर्यतीची गाडी तयार केली, आणि सामान्य तरुणास दार उघडून दिलें. फॉर्म्युला वनमध्यें २००५ सालीं उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन हा ह्याच दारांतून आंत आला. करिवर्धन १९९५ मध्यें विमान-अपघातांत वारले; कोइमतूरचें २००३ सालचें रिंगण त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. २०११ मध्यें ग्रेटर नोएडा येथें ५.१२५ किलोमीटरांचें बुद्ध रिंगण झालें. महाराष्ट्रांत कोल्हापूरनें लहान कार्ट-गाड्यांच्या शर्यतींत आपलें नांव केलें आहे. इंजिनियरिंग कॉलेजांतील मुलें स्वतः बांधलेली गाडी घेऊन इंदूरजवळ पीथमपूरच्या बाहा स्पर्धेस जातात. ‘स्वतःची गाडी’ ह्या शब्दांस त्यांच्याइतका खरा अर्थ दुसऱ्या कोणी दिला नसेल.

आणि आमचें शहर? वाळूजला १९८५ मध्यें बजाजचा कारखाना आला, शेंद्र्यास २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊं लागल्या. दुचाकी, रिक्षा व मोटारी निर्माण करणाऱ्या ह्या शहरानें आपल्या मुलांस त्यांवर मांड ठोकण्याचें शिक्षण देण्याची मात्र कोठें सोय केली नाहीं. उलट ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, आणि जून २०२५ मध्यें ७०१ किलोमीटरांचा सारा मार्ग खुला झाला. ताशीं १२० ची मर्यादा असलेला, सरळ, रुंद रस्ता शहराच्या कुशींतून जातो. रिंगण नाहीं आणि असा रस्ता आहे; मग वीस वर्षांचा मुलगा आपला कावा कोठें देईल, हें सांगावयास ज्योतिषी नको. कायदा स्पष्ट आहे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १८९ वें कलम सार्वजनिक जागीं परवानगीवांचून शर्यत लावण्यास बंदी करतें. पण बंदी ही अर्धी गोष्ट झाली. २०२२ सालीं ह्या देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, व त्यांतील दहांपैकीं सात मृत्यु सरकारी नोंदींत अतिवेगाच्या खात्यावर पडले आहेत. कॉलेजांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या शिक्षकांस हे आंकडे हजेरीपटावरील रेघांसारखे दिसतात.

ह्यावर आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहींत. रिंगणावरील एक दिवस महाग पडतो. टायर झिजतात, तेल जळतें. ही चैन दीडशें मर्सिडीझवाल्यांचीच राहील, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, आम्हांस हवें आहे तें बुद्ध रिंगण नव्हे. कारखान्यांच्या वसाहतीजवळ एक सपाट डांबरी आवार, त्यांत एक ओलें करतां येण्याजोगें वळण, ब्रेक दाबून पाहण्याइतका सरळ पट्टा, चार निशाणें व दोन जाणते शिक्षक, एवढ्यानें आरंभ होऊं शकेल. तेथें मर्सिडीझइतकेंच दुचाकीचेंहि स्वागत असावें, किंबहुना आधीं दुचाकीचें. दुसरा आक्षेप असा कीं, रिंगणानें वेगाची चटक लागेल. ती कांहींस लागेलहि. पण चटक लागलेल्यास जाण्यास एक जागा असणें, आणि ती नसणें, ह्यांत कोणाच्या तरी मुलाचा जीव आहे.

लॉक किंगनें आपल्या शेतजमिनीवर काँक्रीट ओतलें तेव्हां त्यास शेजाऱ्यांनीं वेडा म्हटलें असल्यास नवल नाहीं. ब्रुकलंड्स १९३९ मध्यें बंद पडलें, युद्धांत तेथें विमानें बांधलीं गेलीं, मार्गाचे तुकडे झाले. तरी वेगास रस्त्यापासून निराळें घर द्यावें ही त्याची शिकवण शिल्लक राहिली. दीडशें मोटारी एका सौद्यांत घेण्याची ऐपत ज्या शहरानें दाखविली, त्यास एका आवाराची ऐपत नाहीं असें म्हणणें, आम्हांस वाटतें, त्या शहराचा अपमान होईल.