पिठाचा कोंबडा आणि गार्नेटचा ड्रॅगन



परवा दुपारी मी डाळ निवडत होते. माझी बारा वर्षांची लेक शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई, मी माझा ड्रॅगन मारला. पाप लागतं का गं?"

मी पटकन म्हणून गेले, "अगं, तो खोटाच ना? काही नाही होत." पण रात्री सामायिकाला बसले तेव्हा तेच उत्तर मला टोचू लागलं.

आधी हा ड्रॅगन कुठून आला ते सांगते. 1996 मध्ये जपानच्या बंदाई कंपनीने तामागोची नावाचं अंड्याच्या आकाराचं खेळणं काढलं. लहानशा पडद्यावर एक पिल्लू. त्याला वेळेवर भरवायचं, त्याची घाण साफ करायची, आजारी पडलं तर औषध द्यायचं. दुर्लक्ष झालं तर ते मरायचं. मुलं ते शाळेत नेऊ लागली, वर्गात त्याची पिपाणी वाजू लागली, आणि 1997 मध्ये कित्येक शाळांनी त्यावर बंदी घातली. जपानी खेळण्यात शेवटी थडगं दिसायचं. अमेरिकेत विकताना ते बदलून पिल्लू देवदूत होऊन उडून जातं असं केलं. म्हणजे खोट्या जिवाचं मरण मुलांच्या मनाला लागतं, हे खेळणं विकणाऱ्यांनाही कळलं होतं!

पुढे असे प्राणी इंटरनेटवर आले. लेकीचा खेळ ड्रॅगन केव्ह, 2006 साली सुरू झालेला. गुहेतून अंडं उचलायचं. पुरेशा लोकांनी ते पाहिलं तर उबतं, नाहीतर मरतं. तिच्या ड्रॅगनच्या जातीचं नाव पायरलस्पाइट. पायरोप, अल्मंडाइन आणि स्पेसर्टाइन या तीन गार्नेट खनिजांच्या नावांचे तुकडे जोडून झालेलं हे नाव खनिजशास्त्रातलं आहे. आपल्या नवग्रहांच्या अंगठीतला गोमेद त्याच गार्नेट घराण्यातला. या खेळात ड्रॅगन मारायचीही सोय आहे, आणि मेलेला कधीकधी झोंबी होऊन उठतो. लेकीला तो झोंबी बघायचा होता.

आता गंमत बघा. ज्या खनिजाचं नाव त्या चित्राला दिलं, ते खनिज आपल्याकडे नुसता दगड नाही. उत्तराध्ययन सूत्राच्या 36व्या अध्ययनात खर पृथ्वीकायाचे 36 प्रकार सांगितले आहेत. त्यात वाळू आहे, मीठ आहे, सोनं, हिरा, अभ्रक आहे आणि गोमेदही आहे. खाणीतल्या दगडालाही आपण एकेंद्रिय जीव मानतो. मग पडद्यावरच्या ड्रॅगनचं काय? त्याला एकही इंद्रिय नाही. तो अजीवच. तिथे कुणाचाही प्राण गेला नाही, हे माझं उत्तर चुकीचं नव्हतं.

पण ते अपुरं होतं. कारण हा प्रश्न आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच येऊन गेलाय. सोमदेवसूरींनी 959 साली यशस्तिलक चंपू लिहिलं, त्यात राजा यशोधराची कथा आहे. राजा वाईट स्वप्न पडल्याचं सांगतो. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जिवंत प्राणी मारायला तयार होत नाही. शेवटी आईचं मन राखायला पिठाचा कोंबडा करून तो कापतात. कोंबडा पिठाचाच, पण कापताना मनात मारण्याचाच भाव. त्यापायी मायलेकांना जन्मोजन्म मोर, कुत्रा अशा तिर्यंच योनीत फिरावं लागलं. पुष्पदंतांनी हीच कथा अपभ्रंशात लिहिली. श्वेतांबर परंपरेतल्या हरिभद्रसूरींच्या समराइच्चकहेतही ती थोड्या वेगळ्या नावांनी येते. दिगंबर असो की श्वेतांबर, दोघांनाही ही गोष्ट सांगावीशी वाटली.

का? कारण द्रव्यहिंसा नसली तरी भावहिंसा असू शकते. कर्म बांधतं ते मन.

म्हणून माझी लेक यशोधरासारखी पापी ठरते का? मला नाही वाटत. राजाने संकल्प करून बळी दिला. हिने कुतूहलाने बटण दाबलं. आणि नंतर तिचं मन खट्टू झालं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मी "खोटंच आहे" म्हणत राहिले असते तर ते कोवळेपण मीच बोथट केलं असतं.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना तिला यशोधराची गोष्ट सांगितली. कणकेचा गोळा हातात घेऊन ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ड्रॅगनला नाही लागलं, मला लागलं."

मी काही बोलले नाही. संध्याकाळी ती प्रतिक्रमणाला न सांगता माझ्याजवळ येऊन बसली. खेळ तिने बंद केलेला नाही, मीही केला नाही. नवीन अंडं आणलंय. शाळेतून आली की आधी ते बघते, मग दप्तर ठेवते.

मैत्रिणींनो, मुलं असं काही विचारतील तेव्हा घाईने उत्तर देऊ नका. माझ्या घाईबद्दल मिच्छामि दुक्कडं.