हाड बसवताना भूल कुठे द्यायची?

पेठ-सुरगाण्याकडे आंब्यावरून पडलेले मूल असो, नाहीतर नाशिक शहरात शाळेच्या मैदानावर आपटलेला विद्यार्थी असो; पडताना आपण हात पुढे टेकतो आणि पुष्कळदा मनगट मोडून घेतो. अंगठ्याच्या बाजूचे हाड, म्हणजे रेडिअस, मनगटाजवळ मोडते आणि त्याचा तुकडा बहुधा हाताच्या मागच्या बाजूला सरकतो. डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली अशा मोडीचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा ८१ वर्षे अवकाश होता!

हे हाड बसवायचे म्हणजे हात ओढून तुकडा दाबत जागेवर आणायचा. काम काही मिनिटांचे. मग त्यासाठी भूल कशाला? पहिले कारण माणुसकीचे आहे. दुसरे यांत्रिक आहे. वेदनेमुळे हाताचे स्नायू ताठरतात आणि तुकड्यांना एकमेकांवर ओढून धरतात. म्हणजे वेदना थांबवली नाही, तर वैद्याला रुग्णाच्याच स्नायूंशी झुंजावे लागते. हाडवैद्याकडे दोघे-तिघे रुग्णाला धरून बसत, ते यासाठीच. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला बांधायच्या बांबूच्या व सालींच्या पट्ट्यांचे बारकाईने वर्णन आहे. शस्त्रकर्मापूर्वी वेदना न सोसणाऱ्याला मद्य पाजावे, असेही तिथे सांगितले आहे. याहून प्रभावी उपाय हाती यायला फार काळ जावा लागला.

वेदनेचा संदेश हाडापासून मज्जातंतूंतून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जातो. हा रस्ता कुठेही अडवता येतो. वैद्यकाने सुरुवात केली ती मेंदूच्या टोकापासून. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि पुढच्याच वर्षी ते कलकत्त्यात वापरले गेले. १८४७ सालीच एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म आणला. पण जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यावर दगावली. तिच्या पायाच्या बोटाचे फक्त नख काढायचे होते.

एवढ्याशा कामासाठी जीव का जावा? या वादात आपल्या शेजारच्या हैदराबादनेही भाग घेतला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यातच होता. निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन आयोगांनी प्राण्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष निघाला, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो. म्हणून श्वासावर लक्ष ठेवले की पुरे. श्वासावर लक्ष हवे, हे खरेच होते. पण १९११ साली ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना अ‍ॅड्रेनॅलिनमुळे हृदयाची लय बिघडून ते थेट बंद पडू शकते. भीती आणि वेदना यांनी शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनच वाढते. किरकोळ कामासाठी दिलेली अर्धवट भूल का घातक ठरे, याचा उलगडा त्यातून होऊ लागला.

दरम्यान दुसरी वाट सापडली होती. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने केवळ डोळा बधिर करून दाखवला. माणूस जागा आणि अवयव बधिर! १९०८ साली जर्मनीचे ऑगस्ट बीअर यांनी हीच कल्पना हाताला लावली. हातातले रक्त वर सारायचे, दंड आवळून बांधायचा आणि शिरेत बधिर करणारे औषध सोडायचे. औषध हातातच कोंडून राहते. व्हिएन्नाचेच लोरेंझ ब्योलर यांनी आणखी सोप्या उपायाचा पुरस्कार केला. मोडीच्या जागी साकळलेल्या रक्तातच सुई घालून औषध सोडायचे. वेदनेचा रस्ता आता उगमापाशी अडवला गेला.

१९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले आणि १९६३ साली होम्स यांनी ते वापरून बीअरची पद्धत पुन्हा रूढ केली. तुलनात्मक अभ्यासांत तिने साकळलेल्या रक्तातील इंजेक्शनपेक्षा वेदना अधिक शमलेली आढळते. मात्र पट्टा मध्येच सैल झाला, तर औषध एकदम हृदयाकडे धावते. ब्रिटनमध्ये या पद्धतीसाठी ब्युपिव्हाकेन वापरल्यावर झालेले मृत्यू १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उजेडात आले, तेव्हापासून हे औषध यासाठी वर्ज्य ठरले.

लहान मूल जागेपणी सुई बघून घाबरते. अशा वेळी केटामिन उपयोगी पडते. १९६४ साली ते प्रथम माणसाला दिले गेले. वेदना थांबते, पण श्वास बहुधा चालू राहतो. म्हणून मोठी यंत्रसामग्री नसलेल्या रुग्णालयांना ते मोलाचे वाटले. तरीही प्राणवायू, नाडी-श्वासावर नजर आणि श्वास सांभाळू शकणारी प्रशिक्षित व्यक्ती तिथेही लागतेच.

म्हणजे सर्वांत चांगली भूल कोणती, याचे एकच उत्तर नाही. रुग्णाचे वय, मोड आणि हाताशी असलेली माणसे-साधने यांवर ते ठरते. यात शिक्षकांचाही वाटा आहे. शाळेत मनगट मोडले, तर ओढून बघू नये. घडी केलेल्या जाड वर्तमानपत्राचा आधार देऊन हात झोळीत बांधावा. वाटेत चहा-बिस्किटे देऊ नयेत, आणि मुलाने शेवटचे केव्हा खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे. भूल देताना पोट भरलेले असणे धोक्याचे ठरू शकते. ‘शूर आहेस, सोस थोडे’ असे मुलाला सांगण्याऐवजी ‘हाड बसवताना दुखू नये म्हणून काय देणार?’ असे आपण डॉक्टरांना विचारावे. सोसण्याने हाड लवकर बसत नाही, उलट स्नायू अधिकच ताठरतात.