स्क्रीन लॉक आणि फाइलच्या परवानग्या (युनिक्स प्रणाली)

युनिक्स घराण्यातल्या संगणकावर पासवर्ड बरोबर असूनही स्क्रीन लॉक उघडत नसेल, तर दोष पुष्कळदा एखाद्या फाइलच्या मालकीत किंवा परवानगीत सापडतो. खूण ठरलेली आहे: तोच पासवर्ड संगणक सुरू करताना चालतो, ‘सुडो’लाही चालतो, अडतो तो फक्त लॉक पडलेल्या स्क्रीनवर.

सुरुवातीचे लॉगिन आणि सुडो रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतात. स्क्रीन लॉक मात्र सहसा वापरकर्त्याच्याच अधिकाराने चालतो, आणि पासवर्डचे हॅश ज्या ‘/ईटीसी/शॅडो’ फाइलमध्ये असतात ती त्याला वाचता येत नाही. हा बंदोबस्त सकारण आहे. पूर्वी हॅश सर्वांना वाचता येणाऱ्या फाइलमध्येच असत, त्यामुळे कुणालाही त्यांवर अंदाज लावून पाहता येई. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा त्यांतले ८६ टक्के फार आखूड किंवा सहज ओळखता येतील असे निघाले.

मग लॉक पासवर्ड पडताळतो कसा? लिनक्सवर तो ‘पॅम’ या व्यवस्थेला विचारतो. पॅमची कल्पना सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांनी १९९५ मध्ये मांडली. पॅम ‘युनिक्स_सीएचकेपीडब्ल्यूडी’ नावाचा छोटा मदतनीस प्रोग्राम चालवते. या मदतनिसाला शॅडो वाचण्यापुरता वाढीव अधिकार असतो, आणि तो अधिकार गेला की बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

डेबियनवर शॅडोची परवानगी ६४०, मालक रूट, गट शॅडो. मदतनिसाचा गटही शॅडो आणि परवानगी २७५५. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे बॉस लिनक्स डेबियनवरच आधारलेले असल्याने तिथेही तपासणी याच अंगाने करावी. फेडोरात शॅडो ००० आणि मदतनीस रूटच्या मालकीचा, ४७५५ असतो. ‘एलएस -एल’ने यादी काढावी. डेबियनवर गटाच्या तीन अक्षरांत शेवटी ‘एस’, म्हणजे वाढीव अधिकाराची खूण, हवा. तिथे ‘एक्स’ दिसला तर दोष सापडला.

बिघाड बहुतेक वेळा माणसाच्या हातून होतो. कुणी प्रणालीच्या एखाद्या फोल्डरवर परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड -आर’ ही आज्ञा सरसकट चालवतो, कुणी परवानग्या न जपता बॅकअप परत ठेवतो. मालकी बदलणाऱ्या ‘सीएचओन’ची खोच तर हमखास नडते: मालक बदलताच लिनक्स तो ‘एस’ पुसून टाकते. म्हणून मालकी पुन्हा रूटकडे देऊन भागत नाही. त्यानंतर सीएचमॉडही द्यावाच लागतो.

स्क्रीन अडकली असताना कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुरी कन्सोलवर जावे. तिथे लॉगिन रूटच्या अधिकाराने चालत असल्याने पासवर्ड स्वीकारला जातो. ‘जर्नलसीटीएल’ने प्रणालीच्या नोंदी काढून त्यांत मदतनिसाची तक्रार शोधावी. डेबियनवर ‘लिबपॅम-मॉड्यूल्स-बिन’ पॅकेज पुन्हा बसवले की मदतनिसाच्या परवानग्या आपोआप जागेवर येतात. सिस्टमडी असल्यास ‘सुडो लॉगिनसीटीएल अनलॉक-सेशन्स’ने उघडी कामे न गमावता स्क्रीन मोकळी करता येते.

शॅडोला ६४४ देऊन मोकळे होण्याचा उपाय मात्र कधीही करू नये. लॉक उघडेल, पण त्या संगणकावरच्या प्रत्येकाचा हॅश प्रत्येकाच्या हाती जाईल.

सगळेच नकार परवानगीचे नसतात. ‘/ईटीसी/पॅम.डी’मध्ये स्वेलॉकसारख्या लॉकची स्वतःची फाइल नसेल, तर पॅम ‘अदर’ या फाइलचे नियम लावते, आणि ते अनेकदा थेट नकाराचे असतात. चुकीचे प्रयत्न मोजणारा पॅमचा ‘फेललॉक’ हा भाग सुरू असेल तर मूळ मांडणीनुसार तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटे बंद राहते. तेवढा वेळ बरोबर पासवर्डही चालत नाही.